एक टन जास्त

विमानात इंधन किती भरायचं याचा हिशोब ज्या खोलीत होतो, तिथे मी २७ वर्षं नोकरी केली. खोलीचं नाव डिस्पॅच. भिंतीवर सहा शहरांची घड्याळं, त्यातलं एक कायम बंद. पहाटे तीनचा चहा. टेबलावर लांबच लांब कागद, म्हणजे फ्लाइट प्लॅन. कॅप्टन यायचे, उभ्या उभ्या हवामान चाळायचे, आणि सहीआधी त्यांची नजर एका आकड्यावर थांबायची. आमच्या कॉम्प्युटरने काढलेला इंधनाचा आकडा पटला तर ठीक. नाही पटला तर पेनाने काट मारून शेजारी नवा आकडा. नवा नेहमी मोठाच. कमी केलेला पाहिल्याचं मला आठवत नाही.

वाढवलेल्या आकड्यापुढे 'कारण' असा एक रकाना होता. कॅप्टन घाईत असायचे, त्यामुळे तो आम्हीच भरायचो.

*

इंधनाचा हिशोब म्हणजे गाडग्यांची उतरंड. वरच्या गाडग्यात टॅक्सीचं इंधन, म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत जायला लागेल ते. त्याखाली ट्रिप, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाचं. मग कंटिन्जन्सी, प्रवासाच्या साधारण ५ टक्के: वारा समोरून आला, हवी ती उंची मिळाली नाही, त्यासाठी. मग अल्टरनेट: मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबाद किंवा हैदराबाद गाठायला. आणि तळाशी फायनल रिझर्व्ह: दीड हजार फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. एअरबस ३२० सारख्या विमानात हे साधारण टनभर होतं. तळाच्या गाडग्याला हात लावायचा नसतो. लागणार असं दिसलं की 'मेडे' म्हणायचं, म्हणजे संकटाची हाक द्यायची.

इथवर नियम. त्यावर कॅप्टन स्वतःच्या मर्जीने जे टाकतात ते एक्स्ट्रा. नियम त्यांना 'घ्या' म्हणत नाही, 'घेऊ नका'ही म्हणत नाही. पुढचं सगळं भांडण या एका गाडग्याचं आहे.

*

एक कॅप्टन दर वेळी एक टन वाढवायचे. आकाश स्वच्छ, वारा शांत, दिल्लीला धुक्याचा मोसम नाही, तरी एक टन. मी एकदा विचारलं, "सर, आज कशासाठी?"

"बायकोच्या नावाने," म्हणाले. "तिला सांगून निघतो की येतो म्हणून."

रकान्यात मी काय लिहिणार?

*

तो टन फुकट जात नाही. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. धंद्यातला ठोकताळा असा की जादा वजनाच्या साधारण तीन टक्के इंधन दर तासाला ते वजन वाहण्यात जळतं. मुंबई–दिल्ली दोन तास धरले तर टनामागे साठ किलो. मुंबई–लंडनला टनातला पाव टन वाटेतच संपतो. एका विमानाचं काही वाटत नाही. पण रोज पाचशे फेऱ्या करणाऱ्या कंपनीत प्रत्येक कॅप्टनने बायकोच्या नावाने टन घेतला, तर दिल्लीएवढ्या अंतराच्या हिशोबानेही रोज तीस टन नुसते ओझ्याचे.

आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो, आणि राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगड भागासाठी विमान-इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्यामुळे हिशोबनीस एक्स्ट्राच्या रकान्याकडे बघतो तेव्हा त्याला मी खलनायक मानत नाही. त्याचं ते काम आहे. खिडकीबाहेरचा ढग त्याला दिसत नाही, एवढंच.

*

एसटीत इंधनाच्या अशा हिशोबाला केपीटीएल म्हणतात. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. डेपोत ड्रायव्हरवार आकडे निघतात, आणि कुणाचा आकडा घसरला तर विचारणा होते. ड्रायव्हरच्या हातात काय असतं? ब्रेक कमी मारणं, गिअर वेळेवर टाकणं, उगाच इंजिन चालू न ठेवणं. आणि एक वाईट उपाय: घाट उतरताना न्यूट्रल. बोरघाटात, खंबाटकीत, कात्रजच्या उतारावर 'गाडी न्यूट्रल करू नका' अशा पाट्या त्यासाठीच लावाव्या लागतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू ट्रकने ४८ च्या आसपास वाहनं ठोकरली, तेव्हा ब्रेक निकामी झाले नव्हते, ड्रायव्हरने उतारावर इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल केली होती, असं पोलिसांनी सांगितलं.

गंमत अशी की विमानाचं न्यूट्रल चालतं. इंजिनं अगदी मंद ठेवून उंचावरून एका सरळ उतारावर घरंगळत खाली येणं ही वैमानिकाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात निर्धोक बचत. टप्प्याटप्प्याने उतरून मध्येच सपाट उडायला लागलं की इंजिनं पुन्हा पिऊ लागतात. चांगला कॅप्टन हे इतकं सहज करतो की प्रवाशाला उतार सुरू झाल्याचं कानाला दडे बसल्यावर कळतं.

*

कॉकपिटमधल्या बचतीच्या बारक्या गोष्टी: उतरल्यावर गेटपर्यंत एकच इंजिन चालू ठेवणं. गेटवर उभं असताना शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, बंद ठेवून जमिनीवरची वीज घेणं. सरळ मार्ग मागून घेणं. ढगाला वळसा घालायचा तर लवकर आणि थोडा घालणं. कॉस्ट इंडेक्स ठरल्याप्रमाणे ठेवणं. हा वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांच्या गुणोत्तराचा आकडा, त्यावरून विमान किती वेगाने न्यायचं ते ठरतं.

यातलं एकही काम हुकूम देऊन नीट होत नाही. आणि यातलं कुठलंही काम कॅप्टनने केलं नाही, तर तो नियमात बसतो.

*

जुलै २००८. कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत जाऊन आलेलं. अमेरिकेत यूएस एअरवेजने आपल्या आठ ज्येष्ठ कॅप्टनांना इंधन-बचतीच्या प्रशिक्षणाला हजर व्हायला सांगितलं. कारण, डिस्पॅचने काढलेल्या आकड्यावर हे आठ जण वारंवार जास्त इंधन मागतात. वैमानिक संघटनेने 'यूएसए टुडे' या दैनिकात पानभर जाहिरात देऊन उत्तर दिलं: कंपनी पैशासाठी कॅप्टनांवर दबाव आणते आहे. कंपनीचं म्हणणं, हजारो वैमानिकांतले हे मूठभर, इतरांपेक्षा खूपच जास्त घेतात, म्हणून शिकवतो आहोत. संघटनेची ओरड सुरक्षेसाठी नाही, कराराच्या वाटाघाटींसाठी आहे. सरकारचं विमान खातं, एफएए, या दोघांच्या मध्ये पडलं नाही.

बातमी वाचली तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या खोलीत दोन तट पडले. डिस्पॅचवाले म्हणाले, आठ जणांना शिकवलं तर बिघडलं काय? कॅप्टन मंडळी म्हणाली, आठ जणांना बोलावलं म्हणजे बाकीच्या पाच हजारांना निरोप गेला.

मला तेव्हा कॅप्टनांचं पटलं. आजही पटतं. पण संघटनेच्या जाहिरातीबद्दल माझं मत बदललं, आणि ते बदलायला तीन वर्षं लागली.

*

त्या जाहिरातीमागचं घर आधी समजून घ्यावं लागतं. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या. दोन कंपन्या एक झाल्या की वैमानिकांच्या दोन ज्येष्ठता-याद्या एक कराव्या लागतात, आणि वैमानिकाच्या आयुष्यात ज्येष्ठतेइतकं मोठं काही नाही. विमान कुठलं, मार्ग कुठला, नाताळला घरी की ढगात, कपात झाली तर आधी कोण जाणार, सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर. २००७ मध्ये लवादाने यादी लावून दिली. पूर्वेकडच्या जुन्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांना ती मानवली नाही. त्यांनी आपली जुनी संघटनाच मतदानाने बाजूला सारली आणि एप्रिल २००८ मध्ये नवी उभी केली, यूएसएपीए. जाहिरात आली तेव्हा ही संघटना तीन महिन्यांची होती. नव्या सुनेसारखं तिला घरात आणि बाहेर दोन्हीकडे काहीतरी करून दाखवायचं होतं.

*

संपावर का गेले नाहीत, असं आपल्याकडचा माणूस विचारेल. तिथे विमान कंपन्यांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू आहे. कायदा १९२६ चा, रेल्वेसाठी केलेला. १९३६ मध्ये विमान कंपन्याही त्याखाली आल्या. त्यात करार संपत नाही, फक्त 'बदलायला मोकळा' होतो, आणि नवा होईपर्यंत जुन्यावर काम चालू ठेवायचं. सरकारी मध्यस्थ मंडळ सोडत नाही तोवर संप करता येत नाही. मंडळ वर्षानुवर्षं सोडत नाही.

मग हातात उरतं काय? एक टन जास्त. टॅक्सी सावकाश. लॉगबुकात आणखी एक बारीक बिघाड, ज्यासाठी इंजिनियर बोलवावा लागेल. 'मी थकलो आहे' असा फोन. यातलं प्रत्येक पाऊल सुरक्षेच्या नियमात बसतं, आणि प्रत्येक पाऊल कंपनीला महागात पडतं. इंधन वाटाघाटीच्या टेबलावर येतं ते या वाटेने.

*

१५ जानेवारी २००९. याच कंपनीचं १५४९ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालं, पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला, आणि कॅप्टन सलेनबर्गर आणि त्यांचे सहवैमानिक स्काइल्स यांनी ते हडसन नदीत उतरवलं. आत १५५ माणसं. सगळी वाचली. यावरचा सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. या घटनेतला मला सगळ्यात आवडणारा क्षण डिस्पॅचवाल्याच्या नजरेतला आहे: इंजिनं गेल्यागेल्या, चेकलिस्टमध्ये त्याची पाळी येण्याच्या कितीतरी आधी, सलेनबर्गरनी एपीयू चालू केला. म्हणजे इंधन वाचवायला जे बंद ठेवा म्हणून कंपन्या परिपत्रकं काढतात, तेच. त्यामुळे विमानातली वीज टिकली आणि विमानाचे संगणक शेवटपर्यंत साथीला राहिले.

महिन्याभराने हेच गृहस्थ अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे बसले आणि त्यांनी सांगितलं की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतन जवळपास गेलं आहे. आठ कॅप्टनांना शिकवणीला बोलावणारी कंपनी तीच, आणि हेही त्याच कंपनीचे कॅप्टन. वाटाघाटीच्या टेबलावर हे दोन्ही मुद्दे एकाच ताटात वाढले गेले असणार, याबद्दल मला शंका नाही.

*

आता ती तीन वर्षं. २०११ च्या उन्हाळ्यात यूएस एअरवेज शार्लट शहरातल्या केंद्रीय न्यायालयात गेली: वैमानिक मुद्दाम कामाचा वेग कमी करत आहेत, आणि त्याला सुरक्षा-मोहीम म्हणत आहेत. सप्टेंबरात न्यायाधीश रॉबर्ट कॉनरॅड यांनी संघटनेला मनाई हुकूम दिला. संघटनेच्या सुरक्षा-मोहिमेआड करारासाठी दबाव होता, हे म्हणणं न्यायालयाने सकृद्दर्शनी मान्य केलं.

हे वाचून मला २००८ ची जाहिरात पुन्हा आठवली. त्या आठ कॅप्टनांपैकी एखाद्याला खरंच ढग दिसत असेल, तर त्याचं काय झालं? संघटनेने 'सुरक्षा' हा शब्द एकदा वटवला, मग पुन्हा वटवला, आणि शेवटी न्यायालयात तो चेक परत आला. कंपनी चुकली होतीच. पण शब्द खर्च केला तो संघटनेने.

*

शब्दावरून आठवलं. २५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाहून आलेलं आव्हियांका ५२, जुनं बोईंग ७०७. हवा वाईट, गर्दी प्रचंड. वाटेत तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या. सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं, 'इंधन संपत आलं आहे', 'प्राधान्य हवं'. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याने उच्चारला नाही. नियंत्रकांच्या कानाला तो शब्द हवा होता. बाकीच्या शब्दांवरून त्यांना धोका कळला नाही. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळतानाच इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ माणसं गेली. विमान पडलं तिथे आग लागली नाही. जळायला इंधन नव्हतं.

पुढे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत दोन नेमके शब्द पक्के झाले. 'मिनिमम फ्यूएल': ठरल्या ठिकाणीच उतरायचं आहे, आता उशीर झाला तर तळाच्या गाडग्याला हात लागेल. 'मेडे फ्यूएल': हात लागणारच. पहिला शब्द नुसती सूचना देतो, दुसरा वाट मोकळी करून देतो. या दोन शब्दांमध्ये किती माणसं आहेत हे आव्हियांकाने मोजून दाखवलं होतं.

*

त्याच २०१२ चा जुलै. माद्रिदवर वादळ. रायनएअर या आयरिश कंपनीची तीन विमानं एकाच रात्री व्हॅलेन्सियाकडे वळली आणि तिघांनीही इंधनाचा मेडे दिला. आयर्लंडच्या विमान खात्याने चौकशी केली: तिन्ही विमानांनी नियमापेक्षा थोडं जास्तच इंधन घेतलं होतं. थोडंच. नियम पाळून मेडे द्यावा लागला. तेव्हा या कंपनीत वैमानिक संघटनेला मान्यता नव्हती; ती द्यायची तयारी कंपनीने दाखवायला २०१७ चा डिसेंबर उजाडला.

म्हणजे संघटना होती तिथे 'सुरक्षा'चा हत्यार म्हणून वापर झाला, आणि जिथे नव्हती तिथे कॅप्टनांच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं. यातलं बरं कुठलं, मला ठरवता येत नाही.

*

एक्स्ट्रा टन म्हणजे जादूचा ताईत नव्हे, हेही लिहून ठेवतो, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा कॅप्टनांचा वकील आहे.

२८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड. युनायटेडचं डीसी-८. चाक नीट उतरलं की नाही याची शंका. कॅप्टन जवळपास तासभर घिरट्या घालत चाकाचा विचार करत राहिले. इंधन पुरेसं होतं, ते विचार करण्यात संपलं. फ्लाइट इंजिनियर सांगत होता, पण सांगण्याची पद्धत अशी की ऐकणाऱ्याला ऐकलं नाही तरी चालेल. दहा माणसं गेली. कॉकपिटमध्ये धाकट्याने थोरल्याला कसं सांगायचं आणि थोरल्याने कसं ऐकायचं याचं प्रशिक्षण विमान कंपन्यांत रुजलं ते या अपघातानंतर.

१८ ऑगस्ट २०१५, केरळ. दोहाहून कोचीला येणारं जेट एअरवेजचं बोईंग ७३७. सकाळी कोचीत काही दिसेना. तीनदा प्रयत्न. मग तिरुवनंतपुरम. तिथेही काही दिसेना, तिथेही तीनदा. सातव्या खेपेला चाकं टेकली, तेव्हा टाक्यांत साडेतीनशे किलोच्या आसपास इंधन होतं. ७३७ ला ते आठ-दहा मिनिटं पुरतं. आमच्या खोलीत त्या दिवशी कुणी चहा पिताना बोललं नाही.

टन असता तर? आणखी दोन प्रयत्न कोचीलाच झाले असते, असं एक जुना कॅप्टन म्हणाला. मी त्याच्याशी सहमत आहे.

*

१९८३ चं कॅनडाचं ७६७ मला फक्त या कारणासाठी आठवतं की तिथे किलो आणि पौंडांचा घोळ झाला, विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं, आणि कॅप्टनने ते इंजिनाशिवाय गिम्ली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. आमच्या खोलीत नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचो. पोरं हसायची. मग मी त्यांना लिटरचे किलो करायला सांगायचो, आणि निम्मी चुकायची.

*

व्हर्जिन अटलांटिकने २०१४ मध्ये एक सरळ गोष्ट केली. गॉस्नेल, लिस्ट आणि मेटकाफ या अर्थशास्त्रज्ञांना सोबत घेऊन ३३५ कॅप्टनांवर आठ महिने प्रयोग केला. तीन गोष्टी मोजल्या: निघताना इंधनाचा हिशोब नीट केला का, हवेत काटकसरीने उडवलं का, उतरल्यावर एक इंजिन बंद करून टॅक्सी केली का. काही कॅप्टनांना दर महिन्याला त्यांचे आकडे घरच्या पत्त्यावर पत्राने कळवले. काहींना शिवाय लक्ष्य दिलं. काहींना सांगितलं, लक्ष्य गाठलं तर तुमच्या आवडीच्या संस्थेला देणगी. काहींना काहीच पाठवलं नाही, फक्त प्रयोग चालू आहे एवढं माहीत होतं.

इंधन लाखो पौंडांचं वाचलं. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं तेही सुधारले. कुणी बघतंय एवढं पुरलं. पण माझ्यासारख्याने बघायची ओळ वेगळी आहे. पत्रांचा सगळ्यात जास्त परिणाम टॅक्सीत झाला आणि सगळ्यात कमी इंधन भरण्यात. जिथे धोका नाही तिथे कॅप्टनांनी ऐकलं. उतरंडीला हात लावायला सांगितल्यावर ते फारसे हलले नाहीत.

पत्रात धमकी नव्हती, नावांची यादी नव्हती, शिकवणीचं बोलावणं नव्हतं. आणि ज्यांनी लक्ष्यं गाठली ते कॅप्टन नोकरीत जास्त समाधानी निघाले. सगळ्यात स्वस्त उपाय टपालाचा निघाला, याचं हिशोबनीसांना वाईट वाटलं असेल.

*

आता माझी कंपनी. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

करार रखडला होता. पगाराचा, भत्त्यांचा, सुट्ट्यांचा. दर महिन्याला बैठक आणि दर महिन्याला चहा-सामोसे. त्यातच वरून हुकूम आला की सगळ्यात जास्त एक्स्ट्रा घेणाऱ्या दहा कॅप्टनांची यादी ब्रीफिंगच्या खोलीत लावायची. शीर्षक काय द्यावं यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. शेवटी शीर्षकाशिवाय लावली.

पहिल्या महिन्यात यादीतले लोक ओशाळले. दुसऱ्या महिन्यात ते यादीजवळ फोटो काढू लागले. तिसऱ्या महिन्यापासून यादीत येण्यासाठी चढाओढ लागली. बायकोच्या नावाने टन घेणारे आमचे कॅप्टन यादीतून बाहेर पडले, कारण इतर लोक दीड-दोन टन घेऊ लागले. एक तरुण फर्स्ट ऑफिसर हळूच म्हणाला, "सर, सगळ्यांनी घ्यायचं असं ठरलंय." कुणी ठरवलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. धावपट्टीकडे जाणारी विमानं वरातीच्या चालीने जायची. दोन्ही इंजिनं चालू, पुढे नाचणारे नाहीत एवढंच.

सेफ्टी विभागातून विचारणा आली: इतकं इंधन का? कॅप्टन म्हणाले, सुरक्षेसाठी. वरून निरोप आला: बाजारात इंधन महाग आहे. कॅप्टन म्हणाले, सुरक्षा जास्त महाग आहे. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि दोन्ही बाजूंना वेगळंच काही म्हणायचं होतं.

करारावर सह्या झाल्या त्या महिन्यात परिपत्रक निघालं नाही, यादी कुणी काढली नाही, नियम बदलला नाही. एक्स्ट्रा खाली आलं. विमानं एका इंजिनावर टॅक्सी करू लागली. आमचे कॅप्टन परत यादीत पहिले आले.

*

आपल्याकडे थकव्याचंही असंच झालंय. वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. नियम हे वैमानिक संघटनांनी न्यायालयात झगडून आणलेलं फळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर रद्द. माणसं पुरेशी नव्हती. सरकारने रात्रीच्या नियमातून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

विमानतळावर बसकण मारलेल्या प्रवाशाला कॅमेऱ्यापुढे विचारलं तर तो म्हणाला, वैमानिकांना इतकी झोप कशाला हवी? त्याला दोष कसा देऊ? त्याने 'सुरक्षा' हा शब्द याआधी संपात ऐकला होता, भाडेवाढीत ऐकला होता, प्रत्येक परिपत्रकात ऐकला होता.

*

यूएस एअरवेजच्या वैमानिकांना त्यांची कंपनी स्वतंत्र होती तोवर एकत्र करार मिळालाच नाही. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये मिसळली आणि संघटनाही पुढे विरली. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या नावाचं शेवटचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून फिलाडेल्फियाला गेलं. क्रमांक दिला होता १९३९, कंपनीच्या स्थापनेचं साल.

*

रकान्याचं राहिलं.

निवृत्तीच्या आधी जुने फ्लाइट प्लॅन रद्दीत काढायचे होते. मी एक गठ्ठा घेऊन 'कारण' या रकान्यात मी स्वतः काय काय लिहिलंय ते पाहत बसलो. गर्दी, दिल्लीचं धुकं, एक-दोनदा व्हीआयपी. बायकोचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्यात जास्त वेळा माझ्या अक्षरात लिहिलेला शब्द होता 'हवामान'. शेजारी पिन केलेले त्या त्या दिवसाचे हवामानाचे कागद होते. निम्म्याहून जास्त दिवशी आकाश निरभ्र होतं.